समुद्र सगळ्यांचा, किनारा कुणाचा?

ऑस्कर चालुप्स्की या दक्षिण आफ्रिकी पॅडलरने हवाई बेटांमधली मोलोकाई ते ओआहू ही सर्फस्कीची शर्यत १२ वेळा जिंकली आहे. पहिल्यांदा १९८३ साली, तेव्हा तो २० वर्षांचा होता. बाराव्यांदा २०१२ साली, तेव्हा त्याचं वय होतं ४९. मधे २९ वर्षं गेली. जगभरातल्या निवडक पॅडलर्सशी, उघड्या समुद्रात, तीन-साडेतीन तासांहून अधिक चालणाऱ्या शर्यतीत पन्नाशीला टेकलेला माणूस पहिला येतो, हे वाचून पहिली शंका येते ती आकड्यांवरच. पण आकडे बरोबर आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी सिस्टिम अपेक्षेपेक्षा फारच चांगली चालत असेल तर तीही तपासावी लागते, हे या कामात लवकर कळतं. मग आपण तिचे भाग सुटे करून बघतो. या १२ विजयांचेही भाग सुटे करता येतात. एक भाग बोटीचा, एक लाटांचा, एक प्रतिस्पर्ध्यांचा. आणि एक भाग असा आहे, जो खेळाच्या कौतुकाच्या लेखांमध्ये सहसा सापडत नाही. तो कायद्याचा.

कालवांच्या शेतीतून

आधी बोट. सर्फस्की म्हणजे साधारण सहा मीटर लांब आणि जेमतेम ४५ सेंटिमीटर रुंद अशी होडी. कायाकमध्ये आपण आत शिरून बसतो. इथे वरच्या खोलगट जागेत बसायचं. लाट अंगावरून गेली तरी बोटीत पाणी साठत नाही, वाहून जातं. उलटली तर पाण्यातूनच पुन्हा वर चढून बसता येतं. खाली छोटं सुकाणू असतं आणि ते पायांनी फिरवायचं. हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं.

हिचा जन्म शर्यतीसाठी झालेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पोर्ट मॅक्वारी नावाचं गाव आहे. तिथल्या हॅरी मॅकलॅरेन आणि त्याच्या भावाने १९१२च्या सुमारास घरच्या कालवांच्या शेतीत ये-जा करायला अशी होडी बनवली, असं या खेळाच्या इतिहासात सांगितलं जातं. पुढे १९३३ मध्ये सिडनीजवळच्या मॅनलीच्या डॉ. क्रॅकनथॉर्प यांनी तिचं पेटंट घेतलं. मग ऑस्ट्रेलियातल्या किनाऱ्यांवरच्या जीवरक्षक क्लबांनी ती उचलली. बुडणाऱ्या माणसापर्यंत फुटत्या लाटांमधून पटकन पोचायला अशी होडी सोयीची होती. जीवरक्षकांमध्ये आपापसात चढाओढ असतेच. आधी कोण पोचतं यातून शर्यती सुरू झाल्या. पण त्या छोट्या होत्या: किनाऱ्यावरून निघायचं, लाटा फोडून समुद्रातल्या खुणेला वळसा घालायचा आणि परत यायचं.

लांब पल्ल्याची शर्यत मुरली ती हिंदी महासागराच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण आफ्रिकेत.

डर्बनचे जीवरक्षक

डर्बनच्या दक्षिणेला स्कॉटबर्ग हे किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथून डर्बनजवळच्या ब्रायटन बीचपर्यंत साधारण ४६ किलोमीटरची शर्यत १९५८ पासून चालत आलेली आहे. सर्फस्कीच्या सर्वात जुन्या शर्यतींमध्ये ती मोजली जाते. त्यानंतर १९७२ मध्ये आणखी मोठी शर्यत आली: पोर्ट एलिझाबेथ (आताचं नाव गेबेऱ्हा) ते ईस्ट लंडन, सुमारे २४० किलोमीटर, चार दिवसांत. ही 'टेक्सन चॅलेंज' म्हणून ओळखली गेली, आणि ती दर दोन वर्षांनी होते. आपल्याकडचा नकाशा डोळ्यांसमोर आणायचा तर मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत वल्हवत जायचं, आणि तेही बोट लाटांमधून आत नेण्यापासून रोज संध्याकाळी त्याच लाटांमधून सुखरूप बाहेर काढण्यापर्यंत सगळं करून.

ऑस्कर चालुप्स्की याच परंपरेत वाढला. त्याचा जन्म १९६३चा, कुटुंब मूळचं चेक. तो आणि त्याचा भाऊ हर्मन, दोघंही पॅडलर. विशीत पाऊल टाकलं तेव्हा आपल्या किनाऱ्यावरचा समुद्र त्याला पाठ झालेला होता. आता त्याला जगातला सर्वात अवघड समुद्र हवा होता. तो हवाईत होता.

कैवीची सामुद्रधुनी

मोलोकाई आणि ओआहू या दोन बेटांमध्ये कैवी नावाची सामुद्रधुनी आहे, सुमारे ४२ किलोमीटर रुंद. शर्यत एका बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून दुसऱ्याच्या आग्नेय कोपऱ्यातल्या हवाई काईला संपते. अंतर ५० किलोमीटरच्या थोडं वर. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटरचं अंतर पोहणाऱ्या मुलामुलींच्या बातम्या आपण वाचतो. तिथे निदान दोन्ही बाजूंना जमीन दिसत असते. कैवीत मधोमध आल्यावर चारही बाजूंना पॅसिफिक असतो आणि ईशान्येचे व्यापारी वारे लाटांवर लाटा रचत असतात.

हे पाणी हवाईच्या लोकांना शर्यतींच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. बाजूला तरंगता दांडा जोडलेल्या पारंपरिक होड्यांची 'मोलोकाई होए' ही शर्यत इथे १९५२ पासून होते. सर्फस्की इथे आली ती १९७०च्या दशकात. त्याच दशकात, मार्च १९७८ मध्ये, जुन्या पॉलिनेशियन होडीच्या धर्तीवर बांधलेली 'होकुलेआ' मोलोकाईजवळ उलटली. तिच्यावर एडी आइकाऊ होता. ओआहूच्या वायमेआ किनाऱ्यावरचा हा जीवरक्षक मोठ्या लाटांवरचा सर्फर म्हणून प्रसिद्ध होता. मदत आणायला तो सर्फबोर्डवरून एकटा निघाला. होडीवरच्या बाकीच्यांना नंतर वाचवण्यात आलं. एडी सापडला नाही. हा माणूस सगळं आयुष्य समुद्रातून इतरांना बाहेर काढत होता, हे लक्षात घेतलं की त्या पाण्याचा अंदाज येतो.

१९८३ मध्ये २० वर्षांचा ऑस्कर इथे पहिल्यांदा जिंकला आणि मग पुन्हा पुन्हा जिंकत गेला. नव्वदीच्या दशकात त्याला तोडीस तोड मिळाला तो ऑस्ट्रेलियाचा डीन गार्डिनर. गार्डिनरने ही शर्यत नऊ वेळा जिंकली आहे. दोघांचे मिळून २१ विजय होतात. एखाद्या शर्यतीची दोन पिढ्यांची स्मृती दोन माणसांनी अशी वाटून घेतल्याची उदाहरणं कमी आहेत.

लाटेचं गणित

आता ४९ वर्षांच्या विजयाचं कोडं. त्याची अर्धी उकल पदार्थविज्ञानात आहे.

खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या आवर्तनकाळावर ठरतो. लागोपाठच्या दोन लाटा एका जागेवरून किती सेकंदांच्या अंतराने जातात ते मोजायचं आणि त्याला साधारण ५.६ ने गुणायचं, की ताशी किलोमीटरमध्ये वेग मिळतो. दूरच्या वादळातून आलेली १० सेकंदांची लाट ताशी ५६ किलोमीटरने धावते. तिला वल्हवून कुणी गाठू शकत नाही. जवळच्या वाऱ्याने उठवलेली पाच सेकंदांची लाट ताशी २८ ने जाते, तीन सेकंदांची १७ ने. या छोट्या लाटा क्षणभर का होईना, पकडता येतात.

दुसरी गंमत अशी की लाटांचा समूह एकेकट्या लाटेच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतो. त्यामुळे समूहात पुढे गेलेली लाट पसरत नाहीशी होते आणि मागे नवी उठते. म्हणजे तुम्ही ज्या लाटेवर स्वार आहात ती पायाखालून विरघळणारच आहे. ती संपण्याआधी दुसरी शोधायची, तिच्यावर तिरकं सरकायचं, मग तिसरी. जोर कधी लावायचा याचा साधा नियम: बोटीच्या नाकापुढे खड्डा पडताना दिसला की चार-पाच जोरकस वल्ही मारायची आणि उतारावर बसायचं. समोर चढ असेल तर दम राखायचा. चढावर ताकद घालवणारा पॅडलर दमतो आणि मागेही पडतो.

याचा परिणाम आकड्यांत बघा. सपाट पाण्यावर ऑलिम्पिक दर्जाचा कायाकपटू १,००० मीटर साधारण साडेतीन मिनिटांत जातो. हा वेग ताशी १७ किलोमीटरचा, पण फक्त साडेतीन मिनिटं टिकणारा. कैवीत वारा चांगला असेल तर विजेते ५० किलोमीटरहून अधिक अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापतात, म्हणजे ताशी जवळपास १५ किलोमीटर. मधल्या फरकातली बरीचशी ऊर्जा समुद्राने दिलेली असते. ती घेता येणं हे कौशल्य आहे, आणि या कौशल्याला वयाबरोबर धार येत जाते. शिवाय प्रवाह आणि वारा बघून कुठल्या रेषेने जायचं हेही प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं असतं. सगळे एकाच बाजूला चाललेले असताना वेगळी रेष धरायला नुसत्या दंडाचं बळ पुरत नाही. त्यासाठी तेच पाणी अनेकदा पाहिलेलं असावं लागतं.

म्हणजे १२ विजयांमागचा मोठा भाग अनुभवाचा. समुद्रावर घालवलेल्या तासांचा. आता पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे तास कुणाला मिळू शकत होते?

फलकावरचा कायदा

दक्षिण आफ्रिकेत १९५३ मध्ये 'सेपरेट अमेनिटीज ॲक्ट' आला. बागा, बस, बाकं, स्वच्छतागृहं यांच्यासारखे समुद्रकिनारेही वंशानुसार वेगळे ठेवण्याला या कायद्याचा आधार होता. डर्बनच्या किनाऱ्यावर नगरपालिकेचे फलक होते: ही जागा फक्त गोऱ्या लोकांच्या स्नानासाठी राखीव. मजकूर इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू या तीन भाषांत. झुलूत लिहायचं कारण उघड होतं. ज्यांना येऊ द्यायचं नव्हतं त्यांना वाचता आलं पाहिजे.

डर्बन हे भारतीय वंशाच्या लोकांचंही शहर आहे. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर कामाला आणलेले करारबद्ध मजूर बोटीतून याच किनाऱ्यावर उतरले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांना शहरातल्या मोक्याच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला बंदी होती. सर्वात चांगल्या लाटा, बोटी ठेवायच्या शेड, क्लब, शिकवणारी माणसं, हे सगळं जिथे होतं तो किनारा गोऱ्यांचा. सर्फस्की ही जीवरक्षकांच्या क्लबातून शिकायची गोष्ट. ज्याला वाळूवरच प्रवेश नाही, त्याच्यासाठी ते शिक्षण सुरूच होत नाही.

दार दुसऱ्या बाजूनेही बंद होतं. वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेला १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकपासून बाहेर ठेवलं गेलं आणि १९७० मध्ये ऑलिम्पिक चळवळीतून काढून टाकलं. या बहिष्कारात भारत पहिल्यापासून होता. १९४६ मध्येच भारताने त्या देशाशी व्यापार बंद केला होता. १९७४ मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात समोर दक्षिण आफ्रिका आली तेव्हा भारत खेळलाच नाही. करंडक न खेळता त्यांना मिळाला. टेनिसमध्ये जगज्जेतं होण्याची तेव्हाची सर्वात मोठी संधी होती ती, आणि आपण सोडली.

या बंद दाराचा परिणाम दोन पॅडलर्स शेजारी ठेवले की दिसतो. ऑस्ट्रेलियाचा ग्रँट केनी १९८० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एकाच दिवशी देशाचा ज्युनियर आणि सीनियर असे दोन्ही आयर्नमन किताब जिंकून गाजला. समुद्रावरचा हा तारा १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि कायाकच्या दुहेरी शर्यतीत कांस्यपदक घेऊन आला. ऑस्कर त्याच वयोगटातला, पण १९८४चं ऑलिम्पिक त्याच्यासाठी नव्हतंच. १९८८चंही नव्हतं. सपाट पाण्यावरचा अधिकृत रस्ता बंद असलेल्या खेळाडूला खुली होती ती ऑलिम्पिकच्या चौकटीबाहेरची, व्यक्तिगत प्रवेशाची शर्यत. मोलोकाई तशी होती. म्हणून ऐन तारुण्याची वर्षं त्याने कैवीत ओतली.

म्हणजे एकाच राजवटीच्या दोन बाजू इथे भेटतात. तिच्या कायद्याने ऑस्करला किनारा दिला, आणि तिच्यावरच्या बहिष्काराने त्याच्याकडून ऑलिम्पिक काढून घेतलं. दोन्ही गोष्टी त्याने मागितल्या नव्हत्या. तरी त्या सारख्या वजनाच्या नाहीत. त्याच्यासाठी एक रस्ता बंद झाला तर दुसरा उरला. वाळूच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलाला एकही नव्हता, आणि त्या मुलाचं नाव कुठल्याच निकालपत्रात नाही. विक्रमांच्या यादीत न आलेल्या माणसांची नोंद कुणीच ठेवत नाही.

दार उघडताना

सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाचे लोक डर्बनच्या राखीव किनाऱ्यांवर चालत गेले आणि पाण्यात उतरले. कायदेभंगाच्या देशव्यापी मोहिमेचा तो भाग होता. नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी किनारे सगळ्यांना खुले करण्याची घोषणा केली आणि १९९० मध्ये तो कायदाच रद्द झाला.

पुढचं आपल्याला क्रिकेटमुळे जास्त आठवतं. १० नोव्हेंबर १९९१ला दक्षिण आफ्रिकेचा संघ परतला तो कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर. त्या सामन्यात सचिनने ६२ धावा केल्या. एका वर्षाने भारताचा संघ तिकडे गेला. पहिली कसोटी होती डर्बनला, आणि तिथे मुंबईच्या प्रवीण आमरेने पदार्पणातच १०३ धावा काढल्या. सामन्याच्या मैदानापासून तो किनारा जवळच आहे. तीन-साडेतीन वर्षं आधी त्याच शहरात आमरेला मुख्य किनाऱ्यावर पोहायला परवानगी मिळाली नसती.

ऑस्करलाही १९९२ मध्ये ऑलिम्पिकचं दार उघडलं. बार्सिलोनाला तो आणि हर्मन दोघंही गेले. पदक मिळालं नाही. सपाट पाण्यावरच्या छोट्या शर्यतींचं ऐन वय मागे गेलं होतं. समुद्रावर मात्र अजून २० वर्षं शिल्लक होती.

त्या २० वर्षांत खेळही बदलला. अमेरिकेचा ग्रेग बार्टन जन्मतः वाकड्या पावलांचा, आणि १९८८च्या सोल ऑलिम्पिकमध्ये दीड तासाच्या अंतराने दोन सुवर्णपदकं जिंकलेला. त्याच्या एपिक कंपनीत ऑस्करने त्याच्यासोबत सर्फस्की घडवल्या. एकाची नजर सपाट पाण्याची, दुसऱ्याची लाटेची. जीवरक्षकांच्या शर्यतीत बोटीचं किमान वजन आजही १८ किलो ठेवावं लागतं; समुद्री शर्यतीच्या कार्बन फायबरच्या बोटी १० किलोच्या आसपास आल्या. बोट हलकी, अरुंद आणि लांब झाली, आणि हा खेळ पर्थ, केपटाउन, हाँगकाँग, ताहितीपर्यंत पसरला. पर्थजवळ रॉटनेस्ट बेटापासून सोरेंटो किनाऱ्यापर्यंत २७ किलोमीटरची 'द डॉक्टर' नावाची शर्यत होते. उन्हाळ्यात दुपारी गारवा आणणाऱ्या वाऱ्याला तिथले लोक डॉक्टर म्हणतात, त्यावरून हे नाव. केपटाउनजवळ फॉल्स बेमध्ये तर मिलर्स पॉइंट ते फिश होक हा साडेअकरा किलोमीटरचा पट्टा वारा सुटला की पॅडलर्सनी भरतो. फिश होकचाच डेव्हिड मॉक २००९ ते २०१२ सलग चार वर्षं जागतिक मालिकेचा विजेता होता.

२०१३ मध्ये पोर्तुगालला आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाची पहिली समुद्री विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि पुरुषांमध्ये दक्षिण आफ्रिकेचा शॉन राइस जिंकला. पुढच्या तिन्ही स्पर्धा, म्हणजे २०१५, २०१७ आणि २०१९, ऑस्ट्रेलियाच्या कोरी हिलने जिंकल्या. २०१७ला हाँगकाँगमध्ये महिलांचं अजिंक्यपद दक्षिण आफ्रिकेच्या हेली निक्सनकडे गेलं.

आकड्याशेजारची ओळ

मग ऑस्करच्या १२ विजयांचं काय करायचं? ते कमी लेखावेत असं मला वाटत नाही. कैवीत तो जगभरातून आलेल्यांशी खेळला आणि जिंकला. देशात सगळी दारं उघडल्यावरही, २००० नंतर, जिंकला. २०१९ मध्ये त्याला मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं, आणि उपचार घेत असतानाही त्याने वल्हं सोडलं नाही. या माणसाची जिद्द उसनी नाही.

पण विक्रम वाचताना त्याच्या शेजारची ओळही वाचायला हवी: हे समुद्रावरचे तास त्या काळात, त्या शहरात, कुणाला मिळत होते. ही ओळ खोडून वाचलं तर आपण असं समजून बसू की काही लोकांच्या रक्तातच समुद्र असतो आणि काहींच्या नसतो.

हे खोटं असल्याचा पुरावा डर्बनलाच येऊन मिळणाऱ्या नदीत आहे. पीटरमारित्झबर्ग ते डर्बन ही साधारण १२० किलोमीटरची, तीन दिवसांची 'डूसी' होडीशर्यत १९५१ पासून होते आणि तीही बराच काळ गोऱ्यांचीच होती. तिचा अनेक वेळचा विजेता मार्टिन ड्रायर याने वाटेवरच्या झुलू वस्त्यांमधल्या मुलांसाठी अकादमी काढली. बोट, वल्हं, सराव, शर्यतीचा खर्च हे सगळं तिथे मिळतं. त्या अकादमीतून आलेला स्बोनेलो ख्वेला २०१४ मध्ये अँडी बर्केटच्या जोडीने डूसी जिंकला. नदी आधीही त्याच्या दारावरूनच वाहत होती. नव्हती ती बोट.

कार्बनची नवी सर्फस्की आज काही लाख रुपयांना पडते. फलक गेले, तो कायदा गेला, किनाऱ्यावर आता कुणीही उतरू शकतं. पण ४९व्या वर्षी लाट ओळखता यायला हवी असेल, तर पंधराव्या वर्षी कुणीतरी बोट द्यावी लागते. डर्बनच्या क्लबांच्या शेडमध्ये रांगेने ठेवलेल्या बोटी कुणाच्या हाती पडतात, यावर पुढचे १२ विजय कुणाच्या नावावर लागतील हे ठरणार आहे.